सॉल्टनचा अँड्र्यू फ्लेचर : नेमणुका कोणाच्या हातात?

पाणचक्की

१७०७ मध्ये स्कॉटलंडचं पार्लमेंट इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये विलीन झालं. त्याला शेवटपर्यंत विरोध करणाऱ्यांत सॉल्टनचा जमीनदार अँड्र्यू फ्लेचर याचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं. 'देशभक्त' हे बिरुद त्याला कायमचं चिकटलं. त्यामुळे तो भावनेच्या भरात भाषणं ठोकणारा माणूस असावा, असा समज होतो. त्याची भाषणं वाचली की कळतं, त्याचा मुद्दा भावनेचा नव्हता, कारभाराचा होता. तो मुद्दा मला फार मोलाचा वाटतो, म्हणून हा धागा.

सॉल्टन एडिंबराच्या पूर्वेला, ईस्ट लोदियनमध्ये आहे. लॅमरम्यूर टेकड्यांच्या पायथ्याचा हा मुलूख स्कॉटलंडमधल्या सगळ्यात कसदार जमिनींपैकी. वडील सर रॉबर्ट १६६५ मध्ये वारले तेव्हा अँड्र्यू लहान होता. त्याच वर्षी गावच्या चर्चमध्ये गिल्बर्ट बर्नेट नावाचा तरुण धर्मोपदेशक रुजू झाला, त्याने या मुलांना शिकवलं. हाच बर्नेट पुढे सॉल्झबरीचा बिशप आणि नावाजलेला इतिहासकार झाला. पुस्तकांचं वेड फ्लेचरला तिथूनच लागलं असावं. त्याने आयुष्यभर पुस्तकं जमवली आणि त्याचा संग्रह त्या काळच्या स्कॉटलंडमधल्या सर्वांत मोठ्या खाजगी संग्रहांपैकी एक होता.

१६७८ पासून तो हॅडिंग्टनशायरचा प्रतिनिधी म्हणून एडिंबरात बसू लागला. राजाच्या वतीने लॉडरडेल कारभार हाकत होता. फ्लेचरने विरोध केला, तर त्याच्या घरावर शिपायांची तुकडी पोसायला बसवली. पदाधिकाऱ्यांना राजनिष्ठेची धर्मविषयक शपथ सक्तीची करणाऱ्या १६८१ च्या टेस्ट अ‍ॅक्टलाही तो नडला. मग मात्र देश सोडण्यावाचून इलाज उरला नाही.

आता १६८५. राजा जेम्सविरुद्ध त्याचाच पुतण्या ड्यूक ऑफ मन्मथ ११ जूनला डॉर्सेटमधल्या लाइम इथे उतरला, फ्लेचर त्याच्याबरोबर. घोडदळात त्याला मानाची जागा होती. उतरून दोनच दिवस झाले असतील. मोहिमेवर निघायचं म्हणून त्याने समोर दिसलेला एक चांगला घोडा घेतला. तो घोडा टाँटनच्या डेअर नावाच्या सोनाराने मिळवला होता. डेअर मन्मथचा खजिना सांभाळायचा आणि त्या भागातली माणसं त्याच्या शब्दावर गोळा होत होती. दोघांची जुंपली, डेअरने छडी उगारली, आणि फ्लेचरने पिस्तूल काढून त्याला जागच्या जागी ठार केलं. स्थानिक लोक इतके खवळले की मन्मथला आपला सगळ्यात अनुभवी माणूस जहाजावर परत पाठवावा लागला. ते जहाज स्पेनला गेलं, तिथे तो तुरुंगात पडला, तिथून निसटला आणि पुढे हंगेरीत तुर्कांविरुद्ध लढला, अशी हकीकत सांगतात. मन्मथचं बंड महिनाभरात चिरडलं गेलं. फ्लेचरवर त्याच्या गैरहजेरीत राजद्रोहाचा खटला चालला, सॉल्टनची जमीन जप्त होऊन अर्ल ऑफ डंबार्टनला देण्यात आली. १६८८ मध्ये जेम्सला हटवायला निघालेल्या विल्यम ऑफ ऑरेंजबरोबर तो परतला. जप्ती रद्द व्हायला १६९० उजाडलं.

एका घोड्यापायी माणूस मारणारा हा गृहस्थ पुढे कायद्याच्या राज्याबद्दल बोलतो. मला यात ढोंग दिसत नाही. स्वभाव तापट होता आणि विचार थंड डोक्याचे, दोन्ही खरं.

मुख्य गोष्ट १७०३ ची. राणी अ‍ॅनला वारस उरला नव्हता. इंग्लंडने १७०१ मध्येच हॅनोव्हर घराण्याला गादी देऊन टाकली होती आणि स्कॉटलंडला विचारलंही नव्हतं. फ्लेचर सभागृहात म्हणाला त्याचा मथितार्थ असा : १६०३ मध्ये आपला राजा इंग्लंडच्या गादीवर बसून लंडनला गेला, तेव्हापासून आपल्याकडच्या जागा आणि पेन्शनी इंग्रज मंत्र्यांच्या सल्ल्याने वाटल्या जातात. साहजिकच ज्याला जागा हवी तो तिकडे बघून वागतो. म्हणून जगाला आपण स्वतंत्र लोक कमी आणि जिंकलेला सुभा जास्त वाटतो.

म्हणजे पार्लमेंट आहे, कायदे आहेत, न्यायालयं आहेत, पण पद कोणाच्या मर्जीने मिळतं ते बघा, सत्ता तिथे आहे. यावर त्याने १२ अटी मांडल्या. नवा राजा याच अटींवर गादीवर येईल. दरवर्षी निवडणूक. राजाने एखाद्याला नवं सरदारपद दिलं तर जमीनदारांचाही एक प्रतिनिधी वाढवायचा. अधिवेशन नसताना ३१ सभासदांच्या समितीने कारभार बघायचा. पार्लमेंटच्या संमतीवाचून युद्ध नाही, तह नाही, खडी फौज नाही. १६ ते ६० वयाच्या धडधाकट पुरुषांना शस्त्रं. सर्व पदं आणि पेन्शनी पार्लमेंटने द्यायच्या. आणि राजाने अटी मोडल्या तर गादी गेली.

या अटी मंजूर झाल्या नाहीत. पण त्यांच्याच रेट्यामुळे अ‍ॅक्ट ऑफ सिक्युरिटी आला : स्कॉटलंडची सत्ता, व्यापार आणि धर्म सुरक्षित केल्याशिवाय इंग्लंडचा राजा आपोआप आमचा राजा होणार नाही. राणीने १७०३ मध्ये संमती नाकारली, पार्लमेंटने कर मंजूर करायचं थांबवलं, आणि १७०४ च्या ऑगस्टमध्ये तिला सही करावी लागली.

पुढचं प्रतिसादांत लिहितो.

शुभदा_ठाणे

सुरेख लेख. घोड्याचा प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहिला. पण पाणचक्की दादा, एक गोष्ट धाग्यात आली नाही आणि ती यायलाच हवी. याच माणसाने गरिबांना गुलाम करा असं लिहिलं आहे ना? स्वातंत्र्याबद्दल इतकं बोलणाऱ्याची ही बाजू सोडून त्याला देशभक्त म्हणणं मला पटत नाही.

पाणचक्की

शुभदाताई, बरोबर. ते सविस्तरच लिहायचं होतं.

१६९० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये पिकं लागोपाठ बुडाली. लोक त्याला 'वाईट वर्षं' म्हणत. गावंच्या गावं रस्त्यावर आली. १६९८ मध्ये फ्लेचरने स्कॉटलंडच्या स्थितीवर दोन निबंध छापले. त्यात दारोदार भीक मागणाऱ्यांचा आकडा त्याने २,००,००० धरला. हा त्याचा अंदाज, मोजणी नव्हे. उपाय म्हणून त्याने सुचवलं की ऐपतवाल्या प्रत्येक जमीनदाराने आपल्या वाट्याची माणसं घ्यावीत, त्यांना कामाला लावावं, अन्न, वस्त्र, निवारा द्यावा. ही बांधिलकी पिढीजात. मालकाने जीव घ्यायचा नाही, अवयव तोडायचा नाही, शिक्षण द्यायचं, असे नियम. आणि त्यातले तीन-चारशे अट्टल लोक व्हेनिसला गलबतं वल्हवायला देऊन टाकावेत.

वाचून अंगावर काटा येतो. 'त्या काळी असंच होतं' म्हणून हे झाकता येणार नाही, कारण लोक गुलामी म्हणतील हे त्याला स्वतःलाच ठाऊक होतं, आणि त्याने त्या आक्षेपाला उत्तर देत हे लिहिलं. ग्रीक-रोमन पुस्तकांतलं प्रजासत्ताक त्याच्या डोक्यात होतं. तिथे नागरिक स्वतंत्र असतो आणि त्याचं शेत दुसराच कोणी कसतो. फ्लेचरच्या १२ अटींतलं स्वातंत्र्य या मर्यादेतलं आहे. ज्यांच्याकडे जमीन आणि शस्त्र आहे, त्यांचं.

कुळकायदा

या चर्चेत एक भर. स्कॉटलंडमध्ये बांधील मजूर ही फ्लेचरच्या डोक्यातली नुसती कल्पना नव्हती. १६०६ च्या कायद्याने कोळशाच्या खाणीतले आणि मिठागरातले कामगार मालकाला बांधले गेले होते. मालकाच्या चिठ्ठीशिवाय दुसरीकडे काम मिळायचं नाही. फ्लेचरच्याच ईस्ट लोदियनमध्ये, प्रेस्टनपॅन्सच्या किनाऱ्यावर, कोळसा जाळून समुद्राच्या पाण्याचं मीठ काढत. ती बांधिलकी उठवायला १७७५ मध्ये सुरुवात झाली आणि पूर्ण उठली १७९९ मध्ये. म्हणजे तो जे शेतीसाठी सुचवत होता ते त्याच्या घरापासून घोड्यावर तासा-दोन तासांच्या अंतरावर चालू होतं.

पण त्या दुसऱ्या निबंधात आणखी एक भाग आहे, त्याकडे लोक दुर्लक्ष करतात. देशाच्या दारिद्र्याचं मूळ तो कुठे दाखवतो? जमिनीच्या भरमसाट खंडात. कूळ इतकं नागवलं जातं की ते आपल्या गड्यापेक्षाही गरीब, त्याची मजुरीसुद्धा त्याला देता येत नाही, असं तो लिहितो. स्वतः जमीनदार असून आपल्याच वर्गाकडे बोट दाखवतो. व्याजाने पैसे लावणं बंद करा, म्हणजे पैसा जमीन सुधारण्याकडे वळेल, अशीही त्याची सूचना होती. निदान अचूक आणि औषध भयानक, असा तो निबंध आहे. मला तो नीट कळायला दोनदा वाचावा लागला.

रानजाई

कुळाबद्दलचं ते वाक्य एखाद्या जमीनदाराच्या लेखणीतून उतरलं यावर विश्वास बसत नाही. धन्यवाद.

डेरियनबद्दल कोणी लिहील का? विलीनीकरणाच्या मागे ते मोठं कारण होतं असं वाचलं आहे.

खडूफळा

रानजाई, मी लिहितो.

१६९५ मध्ये स्कॉटलंडच्या पार्लमेंटने आफ्रिका आणि इंडीजशी व्यापार करणारी कंपनी काढायला परवानगी दिली. लंडनमध्ये भांडवल जमवायला गेले तर ईस्ट इंडिया कंपनीच्या दबावाने तो दरवाजा बंद झाला. मग १६९६ मध्ये स्कॉटलंडनेच ४,००,००० पौंडांचे शेअर उचलले. सरदार, वकील, व्यापारी, नगरपालिका, विधवा, सगळे. फ्लेचरनेही पैसे घातले. योजना विल्यम पॅटरसनची, ज्याने बँक ऑफ इंग्लंड उभी करण्यात पुढाकार घेतला होता. पनामाच्या अरुंद पट्टीवर डेरियन इथे वसाहत करायची आणि दोन महासागरांचा व्यापार तिथून वळवायचा.

१६९८ च्या जुलैत लीथ बंदरातून पाच जहाजं आणि सुमारे १,२०० माणसं निघाली. तापाने आणि उपासमारीने पुढच्या जूनपर्यंत वसाहत सोडून द्यावी लागली. ती बातमी पोचायच्या आत दुसरी तुकडी रवाना झाली. तिने १७०० मध्ये स्पॅनिश सैन्यापुढे शरणागती पत्करली. एकूण सुमारे २,००० जीव गेले. राजा विल्यमने अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींना यांना मदत करू नका असं बजावलं होतं. तो स्कॉटलंडचाही राजा होता हे लक्षात घ्या. फ्लेचरचा १७०३ चा मुद्दा या जखमेतून आला आहे : राजा एक आणि सल्लागार दुसऱ्या देशाचे, मग आपलं जहाज बुडताना राजा कोणाचा?

माळरान

छान चाललाय धागा. पण मला दुसरी बाजू मांडायची आहे. विलीनीकरण म्हणजे निव्वळ लाचखोरी असं चित्र रंगवलं जातं, ते अर्धंच आहे. १७०५ च्या फेब्रुवारीत इंग्लंडने एलियन अ‍ॅक्ट केला : बोलणी करा, नाहीतर नाताळपासून तुम्ही परके आणि तुमची गुरं, तागाचं कापड, कोळसा आमच्याकडे बंद. स्कॉटलंडचा निर्यात व्यापार बराचसा त्यावरच चालायचा. विलीनीकरणाच्या तहाच्या चौथ्या कलमाने इंग्लंड आणि तिच्या वसाहतींचा व्यापार स्कॉट लोकांना खुला झाला. चर्चला वेगळ्या कायद्याने संरक्षण मिळालं. स्कॉटिश न्यायव्यवस्था वेगळी राहिली ती आजतागायत. मतदान करणाऱ्या प्रत्येकाला विकला गेलेला म्हणणं अन्याय होईल.

खडूफळा

माळरान, व्यापाराचा मुद्दा मान्य. पण पैशाचा हिशोबही मांडू या.

'इक्विव्हॅलंट' म्हणून ३,९८,०८५ पौंड १० शिलिंग स्कॉटलंडला मिळाले. इंग्लंडच्या राष्ट्रीय कर्जाचा बोजा स्कॉटलंडवरही पडणार होता, त्याची ही भरपाई. त्यातला मोठा हिस्सा डेरियनच्या भागधारकांना ५ टक्के व्याजासह परतफेड म्हणून ठेवलेला. म्हणजे मत देणाऱ्यांपैकी अनेकांचे बुडालेले पैसे ठराव मंजूर झाला तरच परत येणार होते. हे उघड होतं. गुपचूप होते ते २०,००० पौंड. इंग्लंडच्या खजिन्यातून थकलेले पगार म्हणून आले, आणि त्यातले १२,००० च्या वर राणीचा प्रतिनिधी क्वीन्सबरी याच्याकडे गेले. १७११ मध्ये हिशेबतपासणीत हे बाहेर आलं. त्या तपासात कार्नवाथचा जॉर्ज लॉकहार्ट होता, फ्लेचरबरोबर विरोधात मत देणारा दुसरा जमीनदार.

आणि सगळ्यात मोठा घाव पैशाचा नव्हता. १ सप्टेंबर १७०५ ला संध्याकाळी बरेच सभासद घरी गेल्यावर ड्यूक ऑफ हॅमिल्टन उठला आणि त्याने सुचवलं की वाटाघाटीसाठी माणसं राणीनेच नेमावीत. हॅमिल्टन म्हणजे विरोधी पक्षाचा नेता! ठराव थोडक्या मतांनी मंजूर झाला. विरोधकांपैकी काही जण संतापून सभागृहाबाहेर पडले. नेमणूक राणीकडे म्हणजे लंडनच्या मंत्र्यांकडे. फ्लेचर दोन वर्षं जे सांगत होता ते त्याच्यासमोर, त्याच्याच बाजूच्या नेत्याकडून घडलं.

उत्तरवारा

एडिंबरामध्ये राहतो, म्हणून थोडं इथलं सांगतो.

सेंट जाइल्स चर्चच्या मागे पार्लमेंट हॉल आजही उभा आहे. ओकच्या तुळयांचं उंच छत तेच, ज्याखाली फ्लेचर बोलला. आता ती जागा न्यायालयाच्या आवारात आहे आणि वकील पक्षकारांशी बोलत त्या हॉलमध्ये येरझाऱ्या घालतात. बोलणं कोणाच्या कानावर पडू नये म्हणून चालत चालत बोलायची तिथली पद्धत आहे. १७०६ च्या ऑक्टोबरमध्ये याच रस्त्यांवर दंगली झाल्या. नोव्हेंबरमध्ये डम्फ्रीजला कलमांची प्रत जाळली. गावोगावचे विरोधी अर्ज येत होते. तरी ४ नोव्हेंबरला पहिलं कलम ११६ विरुद्ध ८३ असं मंजूर झालं आणि १६ जानेवारी १७०७ ला पूर्ण तह ११० मतांनी. नव्या पार्लमेंटमध्ये स्कॉटलंडला ४५ खासदार आणि १६ सरदार, बस्स.

चान्सलर सीफिल्डने सही करताना 'जुन्या गाण्याचा हा शेवट' अशा अर्थाचे उद्गार काढले, ते इथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असतात. राष्ट्रीय संग्रहालयात डेरियन कंपनीची लोखंडी तिजोरी ठेवली आहे. तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कुलपाचे पंधरा अडसर एकाच किल्लीने हलतात अशी रचना आहे. इथे आलात तर ती चुकवू नका.

शुभदा_ठाणे

उत्तरवारा, तिजोरीचा तपशील वाचून तिथे यावंसं वाटलं.

फ्लेचरला विलीनीकरण नको होतं, मग हवं काय होतं? इंग्लंडशी वैर?

पाणचक्की

नाही ताई, आणि इथेच तो मला सगळ्यात जास्त आवडतो. १७०४ मध्ये त्याने एक संवाद छापला. लंडनमध्ये जेवणाआधी चार जण बोलत बसले आहेत : तो स्वतः, अर्ल ऑफ क्रोमार्टी, आणि सर एडवर्ड सीमोर व सर ख्रिस्तोफर मस्ग्रेव्ह हे दोन इंग्रज. खिडकीतून थेम्स आणि लंडन दिसतं, त्या शहराच्या कौतुकाने बोलणं सुरू होतं. फ्लेचर म्हणतो, एक राजधानी सगळ्या देशाचा पैसा, माणसं आणि बुद्धी ओढून घेते. विलीनीकरण झालं तर स्कॉटलंडचे धनिक लंडनला जाऊन खर्च करतील, आणि जे आयर्लंडचं आणि वेल्सचं झालं तेच आमचं होईल. तो इंग्लंडच्याच दूरच्या परगण्यांचीही बाजू घेतो, ते विशेष.

त्याचा पर्याय असा की युरोपात सारख्या ताकदीच्या छोट्या राज्यांचे संघ असावेत. प्रत्येक शहराचा आपापला कारभार, संरक्षण एकत्र, म्हणजे कोणीच दुसऱ्यावर चढाई करण्याइतकं मोठं होणार नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये त्याने १२ शहरं धरली. लंडन त्यांपैकी फक्त एक. यॉर्क आहे, ब्रिस्टल आहे, डब्लिन, कॉर्क, गॉलवे आहेत. स्कॉटलंडसाठी स्टर्लिंग आणि इनव्हरनेस. एडिंबरा नाही! स्वतःच्या राजधानीलाही त्याने सूट दिली नाही.

रानजाई

विलीनीकरणानंतर त्याचं काय झालं? आणि तुमच्या नावाचा या धाग्याशी काही संबंध आहे का? :)

पाणचक्की

नाव जुनं आहे, पण पाणचक्की या गोष्टीत खरंच आहे.

१७०८ मध्ये गादी गेलेल्या स्टुअर्ट राजा जेम्सच्या मुलाला घेऊन फ्रेंच आरमार स्कॉटलंडच्या किनाऱ्याशी आलं, तेव्हा संशयावरून फ्लेचरलाही पकडलं. त्याने स्टुअर्टांसाठी कधीच काही केलं नव्हतं, त्यामुळे पुढे सुटला. त्यानंतर तो राजकारणातून बाहेर पडला.

हॉलंडमध्ये सातूचं टरफल काढून त्याचे पांढरे मोतीदाणे करणाऱ्या गिरण्या होत्या. स्कॉटलंडमध्ये सातू उखळात कांडत. १७१० मध्ये सॉल्टनच्या घराण्याने जेम्स मिकल नावाच्या गिरणीच्या कारागिराशी करार करून त्याला हॉलंडला पाठवलं. फ्लेचर तेव्हा तिकडेच होता. मिकल ती रचना शिकून आणि लोखंडी भाग घेऊन परतला, आणि वेस्ट सॉल्टनला ओढ्याच्या पाण्यावर गिरणी सुरू झाली. कित्येक वर्षं ब्रिटनमध्ये अशी दुसरी गिरणी नव्हती. व्यवहार बघायची ती फ्लेचरची भावजय, मार्गारेट कार्नेगी. हॉलंडच्या धर्तीवर तागाचं कापडही तिने विणवलं. फ्लेचरने लग्न केलं नाही, जमीन भावाकडे गेली, आणि गाव सावरलं ते या बाईने. तिच्यावर खरं तर जास्त लिहिलं जायला हवं. मिकलचा मुलगा अँड्र्यू म्हणजे १७८० च्या दशकात मळणीयंत्र यशस्वी करणारा.

फ्लेचर १७१६ च्या सप्टेंबरमध्ये लंडनमध्ये वारला. सॉल्टनच्या चर्चखाली घराण्याच्या तळघरात त्याला पुरलं.

कुळकायदा

मार्गारेटबद्दल प्रथमच वाचलं. तिचा मुलगा म्हणजे लॉर्ड मिल्टनच ना?

पाणचक्की

हो, तोच. काकाचंच नाव, अँड्र्यू फ्लेचर. न्यायाधीश झाला तो लॉर्ड मिल्टन. १७२० च्या दशकापासून पुढची तीसेक वर्षं स्कॉटलंडचा कारभार लंडनमध्ये बसून अर्ल ऑफ आयले बघायचा, जो नंतर ड्यूक ऑफ अर्गाइल झाला, आणि एडिंबरात त्याचा उजवा हात होता मिल्टन. न्यायाधीश, कस्टमचे अधिकारी, धर्मोपदेशक, प्राध्यापक, कोणाला कुठे चिकटवायचं याच्या चिठ्ठ्या सॉल्टनच्या घरात यायच्या. काकाने ज्या व्यवस्थेवर बोट ठेवलं, पुतण्या तीच चालवत होता. त्याला दोष द्यायचा तर हेही सांगायला हवं की ताग उद्योगाचं मंडळ आणि १७२७ ची रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड यांच्या उभारणीत तो होता, आणि १७४६ नंतर स्टुअर्टांच्या बंडात हरलेल्यांवर सूड उगवू नये म्हणून त्याने वजन खर्च केलं.

आपल्याशी संबंध इथून येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांत क्वॉरेलचा जॉन ड्रमंड नावाचा स्कॉट होता. कंपनीतल्या कारकुनीच्या, जहाजांवरच्या आणि सर्जनच्या जागा त्याच्यामार्फत आयले-मिल्टनच्या माणसांना मिळू लागल्या. बदल्यात त्या घराण्यांची मतं लंडनच्या सरकारला. तो ओघ पुढे आटला नाही. १८१८ नंतर पुणे-साताऱ्यात जे साहेब बसले, एल्फिन्स्टन, माल्कम, साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ, ते सगळे स्कॉटलंडचे, आणि तोवर स्कॉट लोकांचं कंपनीत असणं दोन-तीन पिढ्या जुनं झालेलं होतं.

ड्रमंड आणि मुंबई इलाख्यातले स्कॉट हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे. माळरान, कंपनीच्या व्यापाराचा तुमचा अभ्यास आहे, तो धागा तुम्हीच काढा. मिल्टनच्या नेमणुकांबद्दल माझ्याकडे जे आहे ते तिथे देतो.

माळरान

काढतो. दिवाळी अंकाचं काम एकदा हातावेगळं होऊ दे.